प्राजूचं बेट आणि दादाची तालीम

कारखान्याची चिमणी पेटली की कसबा बावड्यात ते कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं, तर गोडसर, थोडा जळकट, थोडा आंबूस असा मळीचा वास उंबऱ्यापाशी येऊन उभा असतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे बारीक कण बसतात. उसानं भरलेल्या ट्रॉल्या कर्कश गाणी लावून डुलत डुलत जातात आणि त्यांच्यामागे दुचाकीवाले शिव्या देत खोळंबतात. गेली सव्वीस वर्षं मी इथे राहते, एका शाळेत भूगोल शिकवते. ऊस, पाऊस, काळी माती, गाळाची माती, सगळं फळ्यावर शंभर वेळा काढून झालंय. पण अलीकडे हा वास आला की त्यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते एक बेट. माझ्या कुठल्याच नकाशात नसलेलं.

त्या वर्षी हंगाम सुरू झाला तेव्हा माझी भाची प्राजक्ता, म्हणजे आमची प्राजू, माझ्याकडे राहायला येऊन पाच महिने झाले होते. माझ्या थोरल्या भावाची ही एकुलती एक मुलगी. दादाचं घर पन्हाळ्याच्या पायथ्याला. तिथून रोज कॉलेजला ये-जा करणं जिकिरीचं, म्हणून बारावी झाल्यावर त्यानं तिला माझ्याकडे आणून सोडलं. माझा मुलगा नोकरीसाठी बाहेर गेल्यापासून त्याची खोली रिकामीच होती. मी एकटी. घरात पुन्हा कुणाची तरी चप्पल दिसू लागली, याचाच मला आनंद.

एका संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते, आणि बंद दाराआडून प्राजूचा आवाज आला. "इरफान, डावीकडनं नगं. उतार उघडा हाय. ओढ्यातनं ये, ओढ्यातनं. श्वेता, तू दगडाच्या मागं थांब, मी सांगतो तवा उठ."

आमच्याकडच्या पोरी 'येतो-जातो'च म्हणतात, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. पण ओढा कुठला? उतार कुठला? मी दार ढकललं. प्राजू पलंगावर मांडी घालून बसली होती. कानांवर हेडफोन, हातात आडवा धरलेला मोबाईल, आणि अंगठ्यांवर बारीक कापडी टोप्या. मला बघून दचकली, पण मोबाईल काही खाली ठेवला नाही. "आत्या, दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं," एवढंच म्हणाली.

मी रागवायलाच आत गेले होते. पण तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं आणि तशीच उभी राहिले. एक अख्खं बेट होतं. डोंगर, खिंडी, नदीचं वळण, वळणाच्या आतल्या अंगाला साठलेली वाळू. अगदी असावी तिथेच.

डाव संपल्यावर तिनं मला सगळं समजावून सांगितलं. चौघाचौघांच्या सोळा तुकड्या या बेटावर उतरतात. शस्त्रं शोधायची, आडोसा धरायचा, दुसऱ्यांना बाद करायचं. भोवतालचं सुरक्षित वर्तुळ हळूहळू आवळत जातं, त्यामुळे कुणालाच एका जागी लपून बसता येत नाही. शेवटी उरेल ती तुकडी जिंकली. प्राजू तिच्या तुकडीची म्होरकी होती. कुठून जायचं, कुठे थांबायचं हे ती ठरवायची.

"ही टेकडी बघ आत्या. हितनं खालचं सगळं दिसतंय. पर आपुन बी सगळ्यांना दिसतोय. पन्हाळ्याच्या बुरजावर उभारल्यागत."

तीस मुलांच्या वर्गाला समोच्च रेषा शिकवताना माझा घसा कोरडा पडतो. आणि ही मुलगी चढ-उतारांवरून बोट फिरवत सांगत होती, की दुपारी सूर्य अमुक बाजूला असतो, म्हणून त्या झाडामागे उभं राहिलं तर सावलीच माणसाचा पत्ता देते. मी फक्त "अभ्यास बुडवू नकोस" एवढं म्हटलं. आणि माझ्याही नकळत तिच्या कटात सामील झाले.

कट म्हणायचं कारण दादा. तो ऐन उमेदीत नावाजलेला पैलवान. पुढे गावात स्वतःची तालीम काढली. एकेकाळी त्या तालमीत पहाटे चाळीस पोरं घुमायची. जोर-बैठकांच्या हुंकारानं शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीसुद्धा जाग्या व्हायच्या. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, लाल माती ताक, तेल, हळद घालून तो स्वतः मळायचा, पुरणपोळीची कणीक मळावी तशी. मग पोरं कमी होत गेली. चाळीसाची वीस झाली, विसाची सहा. "मोबाईलनं माझा हौदा वाळवला," तो म्हणायचा. एका पोराच्या हातातला मोबाईल त्यानं रागाच्या भरात विहिरीत टाकला होता, आणि नंतर त्या पोराच्या बापापुढे मान खाली घालून उभाही राहिला होता. अशा माणसाची एकुलती एक लेक हातात तोच मोबाईल घेऊन अख्ख्या जिल्ह्यात ओळखली जात होती, आणि तो मला फोन करून विचारायचा, "प्राजू काय करालीय?"

"अभ्यास करतीय," मी सांगायचे. दोन महिने सांगत होते.

जानेवारीतल्या एका रविवारी कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात या खेळाच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. प्राजू आठलाच निघून गेली. दहाच्या सुमाराला दारात मोटारसायकल थांबली. दादा. एका हातात उसाच्या कांड्या, दुसऱ्या हातात काकवीची बरणी, आणि काखेत हरभऱ्याचे ओले डहाळे.

"पोरगी कुठं हाय?" आत येत येतच त्यानं विचारलं.

"क्लासला गेलीय."

"ऐतवारी?"

मी डहाळे घेऊन स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर ठेवले, परत उचलले, परत ठेवले. शिकवताना मुलं खोटं बोलली की मला लगेच कळतं. माझंही त्याला कळलंच असणार. मी बाहेर आले आणि सगळं सांगून टाकलं. बेट, तुकडी, स्पर्धा, माझा खोटेपणा, सगळं. दादा भिंतीला टेकून ऐकत राहिला. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. मला वाटलं आता हा ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू बी?" एवढंच तो म्हणाला. मग उठला. "चप्पल घाल. दाव मला."

कार्यालयाच्या दाराशी चपला-बुटांचा ढीग पडला होता. आत पाऊल टाकलं आणि आवाजाची एक लाट अंगावर आली. पाचसहाशे माणसं असतील. ज्या व्यासपीठावर नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात त्याच्या मागे भलामोठा पडदा. समोर सोळा टेबलं, प्रत्येकाला चौघं खेळाडू. कोपऱ्यात निवेदक माईक धरून ओरडत होता, "अरं काय घेरलाय, काय घेरलाय! आता सुटतंय व्हय?" आणि माणसं खुर्च्यांवर उभी राहून शिट्ट्या मारत होती.

दादा दारातच थबकला. "हे तर मैदानच हाय की गं," तो पुटपुटला. कुस्तीच्या मैदानातली हलगी तेवढी नव्हती.

आमच्या पुढच्या रांगेतली दोन पोरं मागे वळली, आणि तशीच ताडकन उठून हात मागे बांधून उभी राहिली. दादाच्या तालमीतून दोन वर्षांपूर्वी गेलेली. "वस्ताद..." त्यातला एक चाचरत म्हणाला. दादानं त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता की काय होतं, मला अजून सांगता येत नाही. "बसा," तो म्हणाला. ती बसली, पण पुढचा सगळा वेळ पाठ ताठ ठेवून.

डावीकडून चौथ्या टेबलावर प्राजू होती. तिच्या शेजारी इचलकरंजीचा इरफान, निपाणीची श्वेता आणि साताऱ्याचा ओंकार. प्राजूनं नंतर सांगितलं, की आठ महिने रोज एकत्र खेळून ही चौघं त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा एकमेकांना भेटली. कार्यालयाच्या फाटकाशी कुणी कुणाला ओळखेना. मग श्वेता तिच्या कानडी हेलात रिक्षावाल्याशी काहीतरी बोलली, आणि तिघंही तिच्याकडे धावली. आवाजावरून ओळखली! आपण आयुष्यभर एका घरात राहूनही काही माणसांचा आवाज असा ओळखत नाही.

एकूण तीन डाव होते आणि तिन्हींचे गुण मिळून निकाल लागणार होता. पहिल्या डावात प्राजूची तुकडी लवकर बाद झाली. सगळं सभागृह पडद्याकडे बघत होतं. दादा मात्र पडद्याकडे बघतच नव्हता.

"तिकडं बघ की, काय झालं ते दाखवताहेत," मी म्हटलं.

"त्यातलं मला काय कळतंय? मी पोरीकडं बघालोय." आणि थोड्या वेळानं म्हणाला, "ती दम कोंडून धरती. डाव टाकायच्या आधी उजवा खांदा वर जातोय बघ. मग हात कापतोय."

मी बघितलं. मला काहीच दिसलं नाही. पण तीस वर्षं ज्यानं माणसांच्या मानेवरून आणि पोटऱ्यांवरून त्यांचा पुढचा डाव ओळखला, त्याला दिसत होतं. पडद्यावरचं बेट त्याच्या गावीही नव्हतं, आणि त्या बेटावर आपली मुलगी का हरते हे त्याला उमगलं होतं.

मधली सुट्टी झाली तसा तो उठून पुढे निघाला. खेळाडूंच्या जागेभोवती दोरी बांधली होती. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका कार्यकर्त्यानं त्याला अडवलं. "पावणं, आत जाता येणार न्हाई. फकस्त खेळाडू."

"मी खेळाडूचा बाप हाय," दादा म्हणाला. जरा मोठ्यानंच.

प्राजूनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला लांबून दिसलं. ती उठली, दोरीपाशी आली. दोघांच्या मध्ये ती बारीक दोरी. मी घाबरून दादाच्या मागोमाग गेले. आता इथे, सगळ्यांदेखत, हा काय बोलणार?

"पाणी प्यालीस?" दादानं विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

"पी. आणि आईक. तू दम कोंडायलीस. दम कोंडला की अंग लाकूड हुतंय. दम सोडत सोडत लढ."

"आबा, तुम्हास्नी कसं..."

"पाणी पी आदी."

एवढं बोलून तो परत येऊन खुर्चीत बसला.

दुसऱ्या डावात तिची तुकडी शेवटच्या पाचांत पोचली. तिसरा डाव मी कधी विसरणार नाही. वर्तुळ आवळत आवळत एका उघड्या माळावर आलं होतं. तिकडे एक तुकडी दगडी भिंतीआड, पूर्ण चौघं. इकडे इरफान आणि ओंकार बाद झालेले, श्वेता घायाळ होऊन गवतात पडलेली, आणि प्राजू एका बांधाआड पालथी. श्वेताला उठवायचं तर उघड्यावर सरपटत जावं लागणार. नाही उठवलं तर एकटीला चौघांशी.

आणि प्राजू हललीच नाही. निवेदकाचा आवाज आपोआप खाली आला. पाचसहाशे माणसांचं सभागृह, आणि पंख्याची घरघर ऐकू येत होती. मी पडद्याकडे बघणं सोडून तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ किंचित उघडे होते. खांदे सैल. छाती संथ वरखाली होत होती. माझ्या शेजारी दादाही तसाच श्वास सोडत होता, तिच्या लयीत, त्याला पत्ताही नसताना. त्याची भली थोरली मूठ माझ्या मनगटाभोवती आवळली होती.

भिंतीआडचा एक जण कंटाळून पुढे आला. मग दुसरा. प्राजू तरीही गप्प. दोघं बांधाच्या पार जवळ आले, आणि मग तिचे अंगठे हलले. काय झालं ते मला समजलं नाही. पापणी लवायच्या आत ते दोघं पडले होते आणि प्राजू श्वेतापाशी पोचली होती. पुढचं सगळं आरडाओरड्यात बुडून गेलं. तो डाव त्यांनी जिंकला. एकूण गुणांत त्यांचा नंबर दुसरा आला. पण सभागृह पहिल्यापेक्षा यांच्या टेबलाभोवतीच गोळा झालं होतं. दादाच्या त्या दोन पोरांनी प्राजूला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि वस्तादांकडे नजर जाताच सोडून दिला.

ती गर्दीतून वाट काढत आली. "चुकलं आबा. तुम्हास्नी सांगायला पायजे हुतं."

"व्हय. पायजे हुतं," दादा म्हणाला. त्यानं ते पुसून टाकलं नाही. मग त्यानं विचारलं, "एवढा येळ गप पडून ऱ्हायलीस. भ्या वाटलं न्हाई?"

"वाटलं की."

"मग?"

"भ्या वाटतंय तवर बोट हलवायचं न्हाई, असं ठरवलंय मी. भ्या गेलं की हलवायचं."

दादा तिच्याकडे बघत राहिला. "तीस वर्सं हेच सांगालोय मी पोरांस्नी," तो हळूच म्हणाला. "एकाला बी जमलं न्हाई."

परत येताना मोटारसायकलवर मी त्याच्या मागे बसले होते. वाऱ्यामुळे त्याला ओरडून बोलावं लागत होतं. "तरी बी एक सांगतो! अंगाला माती लागत न्हाई ह्यात! समोरच्याच्या घामाचा वास येत न्हाई! त्याला पाडल्यावर हात देऊन उठवता येत न्हाई! मला त्येच खटकतंय!" त्याचं खरं होतं. आणि दुपारी मी जे बघितलं होतं तेही खरंच होतं.

यंदाही हंगाम सुरू झालाय. प्राजू आता पुण्यात असते. पदवीचं शेवटचं वर्ष आणि खेळ दोन्ही चालू आहे. तिच्या तुकडीत श्वेता अजून आहे, इरफाननं खेळ सोडून दुकान घातलं. दादाच्या तालमीत सात पोरं आहेत. सहाची सात झाली, यात कुणी काही शोधू नये. एक शेजारच्या गावातून आला, एवढंच. माती अजून तोच मळतो.

शाळेत मधल्या सुट्टीत मुलं घोळक्यानं बसून कुठल्या तरी स्पर्धेच्या गप्पा मारतात. मैदान पूर्वीइतकं भरत नाही. माझे सहकारी हळहळतात, मीही हळहळते. गुडघे न फुटलेली मुलं बघून मला काळजी वाटते. पण आता हळहळताना माझा आवाज जरा खाली येतो. एखादं पोर बाकाखाली मोबाईल लपवताना सापडलं की मी तो काढून घेते, नियमच आहे तो. फक्त काढून घेण्याआधी पडद्यावर एक नजर टाकते. कुठलं बेट आहे, नदी कुठून कुठे वाहते. माणसाच्या जिवाला झोकून द्यायला जागा लागते. ती जागा मातीची असो की उजेडाची, झोकून देणाऱ्याचा चेहरा मात्र सारखाच दिसतो.

त्या वर्षीचा हंगाम संपत आला होता तेव्हाची एक दुपार. ट्रॉल्या विरळ झाल्या होत्या, ऊन कडक होऊ लागलं होतं. दादा आला होता. जेवण झाल्यावर प्राजू सरावाला बसली, तसा तो तिच्याशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "सारखं कानाला लावून बसतीस. काय ऐकू येतंय त्यात? मला बी ऐकू दे."

तिनं हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. तो बसेना. मातीत घासून, मुठींत चुरगळून दादाच्या कानांचे कधीच गोळे झालेले आहेत. हेडफोन एकीकडून बसवला की दुसरीकडून घसरायचा. तिनं दोनतीनदा प्रयत्न केला. मग मोबाईल मांडीवर ठेवला, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळव्यांनी हेडफोन त्याच्या कानांवर दाबून धरला. लहानपणी तो तिचं तोंड धुताना दोन्ही हातांत धरायचा, तसा त्याचा चेहरा तिच्या हातांत होता.

"श्वेता," ती मोबाईलकडे वाकून म्हणाली, "मी बेटावरल्या घरात उभा हाय. माझ्या मागनं ये. हळू ये. पळू नगंस."

दादानं डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या भुवया जवळ आल्या. मान किंचित कलली. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात ओलं फडकं घेऊन उभी. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला येत होतं. वाळलेल्या पानांवर पडणारं एक पाऊल, मग दुसरं, मग लाकडी पायरी. तो गर्रकन मागे वळला, प्राजूच्या हातांसकट. मागे नुसती भिंत.

"कोण आलं गं?" त्यानं विचारलं.

"श्वेता हाय आबा. निपाणीत बसलीय."

दादा त्या भिंतीकडे बघत राहिला. मग जागेवरून थोडा सरकला, शेजारी एका माणसाला बसता येईल एवढा.

"ये बाळ," तो म्हणाला, "आत ये."